पेशी पोहोचल्या, की फक्त लोखंड?

नेदरलँड्समधील नायमेखन येथील संशोधकांनी २००५ मध्ये एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या आठ रुग्णांना त्यांच्याच रक्तापासून तयार केलेल्या प्रतिकारपेशी द्यायच्या होत्या. त्या टोचायच्या थेट लसिकाग्रंथीत. टोचणारे हात सराईत होते आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई दिसत होती. एरवी काम इथेच संपले असते आणि ‘पेशी दिल्या’ अशी नोंद झाली असती. पण या पेशींमध्ये आधी लोह ऑक्साइडचे सूक्ष्म कण भरलेले होते आणि टोचल्यानंतर रुग्णांचा एमआरआय काढला गेला. आठपैकी चार जणांच्या ग्रंथीत पेशी गेल्याच नव्हत्या. त्या शेजारच्या चरबीत पडून होत्या. याच पेशींना किरणोत्सारी खूणही लावलेली होती, पण त्या प्रकारच्या स्कॅनमध्ये ही चूक कळत नव्हती. ती एमआरआयने दाखवली.

गोष्ट कर्करोगाची असली तरी ती लक्षात ठेवायला हवी मेंदूवर काम करणाऱ्यांनी. त्वचेखालच्या ग्रंथीत, सोनोग्राफीच्या नजरेखाली निम्म्या रुग्णांत नेम चुकला. मेंदूच्या बाबतीत मध्ये कवटी असते आणि लक्ष्य काही मिलिमीटरचे. अनेक ठिकाणी तर सुई मेंदूपर्यंत नेलीच जात नाही. हाताच्या शिरेतून किंवा कमरेत मणक्यातून पेशी सोडतात आणि पुढचा रस्ता त्या स्वतःच शोधतील असे गृहीत धरतात. पक्षाघात, कंपवात, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता अशा एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या आजारांवर मूलपेशींचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेल्या ‘स्टेम सेल’चा, उपाय सांगितला जातो. तेव्हा पहिला प्रश्न अगदी साधा असायला हवा. सोडलेल्या पेशी पोहोचल्या कुठे, आणि त्यातल्या जगल्या किती? या प्रश्नाचे उत्तर देण्याची साधने गेल्या वीस-पंचवीस वर्षांत तयार झाली आहेत. ती किती वापरली जातात आणि कशी वापरली जातात, हा मात्र वेगळा विषय आहे.

एमआरआय यंत्राला पेशींची ओळख नसते. मेंदूत मुळात असलेली पेशी आणि बाहेरून आणून सोडलेली पेशी, दोन्ही त्याला सारख्याच. म्हणून पेशीवर आधी खूण करावी लागते. प्रयोगशाळेत पेशी वाढवताना त्यांच्या पोषक द्रवात लोह ऑक्साइडचे, मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे कण मिसळतात. पेशी ते गिळतात. लोहामुळे आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात गडबड होते आणि चित्रात तेवढी जागा काळी पडते. ही गडबड लोहाच्या प्रत्यक्ष जागेपेक्षा बरीच दूरपर्यंत पसरते, त्यामुळे थोड्या पेशींचाही डाग दिसतो. मुंगी दिसली नाही तरी वारूळ दिसावे, तसेच काहीसे.

जर्मनीत कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेच्या गटाने २००२ मध्ये या पद्धतीची ताकद दाखवून दिली. पक्षाघाताची इजा झालेल्या उंदरांच्या मेंदूत त्यांनी लोह भरलेल्या मूलपेशी सोडल्या, पण मुद्दाम विरुद्ध, निरोगी बाजूला. पुढच्या तीन आठवड्यांत एमआरआयच्या चित्रांमध्ये काळी रेघ मेंदूच्या दोन अर्धांना जोडणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यावरून सरकत इजेच्या कडेपर्यंत गेली. उंदीर जिवंत, मेंदू शाबूत आणि पेशींचा प्रवास डोळ्यांसमोर. त्याआधी अशी गोष्ट पाहायची तर ठरावीक दिवसांनी प्राणी मारून मेंदूचे काप काढावे लागत. एकाच प्राण्यात प्रवासाची सुरुवात आणि शेवट दोन्ही पाहणे शक्यच नव्हते.

माणसातला प्रयोग लवकरच झाला. शांघायच्या फुदान विद्यापीठाशी संलग्न हुआशान रुग्णालयातील डॉक्टरांनी २००६ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याची माहिती दिली. मेंदूला उघडी जखम झालेल्या रुग्णाच्या जखमेतून निघालेल्या ऊतीतून त्यांनी मज्जा-मूलपेशी वाढवल्या, त्यात लोहकण भरले आणि इजा झालेल्या भागाभोवती त्या परत सोडल्या. नंतर आठवड्यामागून आठवडे एमआरआय काढत राहिले. टोचल्याच्या जागी काळे ठिपके दिसले, मग ते कडेच्या भागातही दिसू लागले आणि काही आठवड्यांनी फिके होत गेले. रुग्णाच्या मेंदूत पेशी हलताना दिसल्या, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले.

दिसले ते लोह होते. या विषयातली सगळी अडचण या एका वाक्यात आहे. पेशी मेली तरी तिच्यातले लोह नाहीसे होत नाही. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या साफसफाई करणाऱ्या पेशी मेलेल्या पेशींचे अवशेष गिळतात आणि लोहही त्यांच्या पोटात जाते. मग या भक्षक पेशी जिथे फिरतील तिथे काळा डागही फिरतो. चित्र पाहणाऱ्याला वाटते मूलपेशी निघाल्या. प्रत्यक्षात कचऱ्याची गाडी निघालेली असते. उलट बाजूही आहे. सोडलेल्या पेशी छान जगल्या आणि दुपटीने वाढत गेल्या, तर प्रत्येक विभाजनात लोह अर्धे-अर्धे वाटले जाते आणि डाग पुसट होतो. म्हणजे डाग टिकला तर पेशी मेलेल्या असू शकतात आणि डाग गेला तर त्या जोमात असू शकतात. शिवाय जखमेतला जुना रक्तस्रावही एमआरआयमध्ये काळाच दिसतो, कारण रक्तातही लोहच असते. शांघायच्या रुग्णाला मेंदूची जखम होती, हे इथे आठवावे.

त्यामुळे लोहाची खूण एका प्रश्नाचे उत्तर उत्तम देते आणि दुसऱ्याचे फार वाईट. सुई योग्य जागी लागली का, हे पहिल्या एक-दोन दिवसांत तिच्याइतके नेमके दुसरे काही सांगत नाही. नायमेखनला तेच झाले. महिन्याभरानंतर पेशी जिवंत आहेत का, यासाठी मात्र तिची साक्ष घेऊ नये.

यात बाजाराचाही एक फटका आहे. शांघायमध्ये वापरलेले लोहद्रव्य ‘फेरिडेक्स’ नावाने यकृताच्या एमआरआयसाठी अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाले होते. पेशींचा माग घेणाऱ्यांना ते आयते मिळाले. पण मूळ कामासाठी त्याची विक्री बेताची होती आणि २००८ मध्ये कंपनीने उत्पादन थांबवले. जगभरच्या प्रयोगशाळांनी ज्या खुणेवर काम उभे केले, ती एका हिशेबनीसाच्या निर्णयाने गेली. पुढे रक्तक्षयावरचे फेरुमॉक्सिटॉल हे लोहाचे औषध पर्याय म्हणून पुढे आले. ते पेशींमध्ये सहज शिरत नाही, म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील गटाने २०१२ मध्ये त्यात हेपारिन आणि प्रोटामिन ही रुग्णालयात रोज लागणारी दोन औषधे मिसळून मार्ग काढला. युक्ती नामी होती. तरीही जे औषध ज्या कामासाठी मान्य आहे त्याहून वेगळ्या कामासाठी प्रत्येक वेळी नव्याने परवानगी घ्यायची, हा ताप संशोधकांच्या मागे राहिलाच. फ्लोरिनच्या खुणेचा एमआरआय हा आणखी एक पर्याय. शरीराच्या मऊ ऊतींमध्ये फ्लोरिन जवळपास नसतेच, म्हणून दिसले ते आपणच घातलेले, इतके निश्चित म्हणता येते आणि प्रमाणही मोजता येते. मात्र दिसण्यासाठी लाखभर पेशी एका जागी हव्यात.

कंपवाताच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली आणि ती अधिक फळाला आली. कंपवातात डोपामिन तयार करणाऱ्या पेशी मरतात. नव्या पेशी सोडल्या तर त्यांच्यावर खूण करायची गरजच काय? त्या जिवंत असतील आणि आपले काम करत असतील तर डोपामिन बनवतील, तेच पाहावे. डोपामिनच्या कच्च्या मालात किरणोत्सारी फ्लोरिन जोडून ते शिरेतून देतात. जिथे कच्चा माल उचलला जातो ती जागा पेट स्कॅनमध्ये उजळते. मेलेली पेशी कच्चा माल उचलत नाही. स्वीडनमधील लुंड येथील गटाने गर्भपेशींच्या रोपणानंतर हे १९९० मध्ये दाखवले. त्यांच्या एका रुग्णात रोपण केलेल्या पेशी दहा वर्षांनंतरही डोपामिन सोडत असल्याचे १९९९ मध्ये दिसले.

इथेही चित्राने सगळे सांगितले नाही. अमेरिकेत ४० रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अर्ध्यांना गर्भपेशी दिल्या, अर्ध्यांच्या कवटीला फक्त छिद्रे पाडली. रोपण झालेल्यांपैकी बहुतेकांचे स्कॅन उजळले. पेशी जगल्या होत्या, वाढल्या होत्या. तरीही वयस्कर रुग्णांना फरक जाणवला नाही, आणि पुढे रोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के रुग्णांत आवरता न येणाऱ्या हालचाली सुरू झाल्या. औषध कमी करूनही त्या थांबेनात. त्या आधीच्या उत्साहाला या निकालाने मोठा चाप बसला. पण हा चाप बसू शकला तो पेट स्कॅनमुळेच. स्कॅन नसता तर ‘पेशी मेल्या असतील’ म्हणून विषय संपला असता. पेशी जिवंत असूनही बिघाड होतो, हे कळल्यावरच पेशी कोणत्या, किती आणि कुठे, याचा नव्याने विचार सुरू झाला.

त्या विचाराचे फळ एप्रिल २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या दोन अहवालांत दिसते. जपानमधील क्योटो येथे प्रौढांच्या पेशींपासून उलट मागे नेऊन बनवलेल्या आयपीएस मूलपेशींतून डोपामिन-पेशींचे पूर्वज तयार केले आणि सात रुग्णांच्या मेंदूत सोडले. हेच तंत्र शोधल्याबद्दल शिन्या यामानाका यांना २०१२ चे नोबेल मिळाले होते. दुसरी चाचणी अमेरिका आणि कॅनडातील १२ रुग्णांवर, भ्रूण मूलपेशींपासून बनवलेल्या पेशींची. दोन्हीकडे पेट स्कॅनमध्ये डोपामिन वाढलेले दिसले, एमआरआयमध्ये गाठ आढळली नाही आणि मागच्यासारख्या अनावर हालचालीही झाल्या नाहीत. क्योटोत परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचाली औषधाविना असतानाच्या तपासणीत सुधारल्या. संख्या लहान आहे, तुलनेसाठी दुसरा गट नाही. पण पेशी पोहोचल्या, जगल्या, काम करू लागल्या आणि वेड्यावाकड्या वाढल्या नाहीत, ही चारही उत्तरे चित्रांसह दिलेली आहेत.

गाठीची भीती काल्पनिक नाही. इस्रायलमधील एका मुलाला अटॅक्सिया टेलान्जिएक्टेशिया या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी मॉस्कोला नेऊन गर्भातील मज्जा-मूलपेशी दिल्या गेल्या होत्या. पहिल्या उपचारानंतर चार वर्षांनी त्याच्या मेंदूत गाठी सापडल्या. काढलेल्या गाठीची जनुकीय तपासणी केली तेव्हा ती मुलाच्या स्वतःच्या पेशींची नसून देणगीतून आलेल्या, आणि तीही एकाहून अधिक गर्भांच्या पेशींची निघाली. २००९ मध्ये हे प्रसिद्ध झाले. चार वर्षे हा कालावधी महत्त्वाचा आहे. उपचारानंतर सहा महिन्यांनी एक स्कॅन काढून ‘सुरक्षित’ असा शिक्का मारणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा.

भारताकडे वळले की चित्र संमिश्र आहे. दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने पाच केंद्रांत पक्षाघाताच्या १२० रुग्णांवर झालेली चाचणी २०१४ मध्ये ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात आली. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतील पेशी शिरेतून दिल्या होत्या. उपचार सुरक्षित ठरला, पण पेशी मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक दिसला नाही. ज्यांनी ही चाचणी नेटाने केली आणि नकारात्मक निकाल तसाच छापला, त्यांचे मोल मोठे आहे. असा निकाल लागला की मागे एक प्रश्न उरतो. पेशी निरुपयोगी ठरल्या, की त्या पोहोचल्याच नाहीत? शिरेतून दिलेल्या पेशींना पहिली चाळणी फुप्फुसाची लागते, नंतर यकृत आणि प्लीहा. किरणोत्सारी खुणा लावून केलेल्या पाहण्यांत हे पुन्हापुन्हा दिसले आहे. काही संशोधक म्हणतात की पेशी मेंदूत जायची गरजच नाही. त्या प्लीहेत बसूनही दाह कमी करणारे पदार्थ सोडतात. शक्य आहे. पण मग माहितीपत्रकात ‘मेंदूत नव्या पेशी तयार होतात’ असे छापू नये.

आणि माहितीपत्रकांचाच खरा प्रश्न आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात असलेला ‘उपचार’ हा शब्द २०१३ मध्ये काढून टाकला, कारण रक्ताच्या काही आजारांतील मज्जारोपण सोडले तर मूलपेशींचा वापर अजून संशोधनाच्याच पातळीवर आहे. २०१७ च्या तत्त्वांनी मंजूर चाचणीबाहेर असा वापर म्हणजे गैरव्यवहार, असे स्पष्ट म्हटले. स्वमग्नतेसाठी मूलपेशींची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ च्या अखेरीस सांगितले. तरीही मोठ्या शहरांत पैसे घेऊन हे इंजेक्शन देणारी केंद्रे चालली. आणि पुरावा म्हणून पालकांपुढे काय ठेवले जाते? मुलाच्या मेंदूचे उपचाराआधीचे आणि नंतरचे रंगीत पेट स्कॅन. आधीच्यात निळे जास्त, नंतरच्यात हिरवे-पिवळे जास्त.

हा पेट स्कॅन वेगळा. त्यात पेशींवर कसलीही खूण नसते, डोपामिनचा कच्चा मालही नसतो. त्यात मोजली जाते मेंदूने उचललेली साखर. साखरेचे हे प्रमाण मूल जागे होते की भूल दिली होती, डोळे उघडे होते की मिटलेले, ते रडत होते का, काही खाऊन आले होते का, यांनुसार बदलते. वाढत्या वयानेही ते बदलते. लहान मुलाचा मेंदू सहा महिन्यांनी तसाही वेगळाच असतो. निळ्याचे पिवळे करायला तर संगणकावर रंगांची पट्टी थोडी सरकवली तरी पुरते. सोडलेली एकही पेशी मेंदूत आहे की नाही, याबद्दल हे चित्र अवाक्षर काढत नाही. लाखो रुपयांची जुळवाजुळव केलेल्या आईबापांना मात्र ते पेशी पोहोचल्याची पावती वाटते. ज्या तंत्राने क्योटोत शंका फेडल्या, त्याच तंत्राचे नाव घेऊन इथे शंका दडपल्या जातात. शिवाय दोन पेट-सीटी म्हणजे मुलाच्या वाट्याला दोन वेळा किरणोत्सर्ग, आणि बहुतेकदा दोन वेळा भूल.

मेंदूत पेशी सोडण्याच्या कोणत्याही चाचणीला भारतात मंजुरी देताना किमान काही रुग्णांत पेशींचा माग घेण्याची अट असावी, असे म्हणायला आता पुरेसा आधार आहे. यावर आक्षेपही आहेत आणि ते पोकळ नाहीत. खूण लावल्याने पेशींचा स्वभाव बदलू शकतो. खर्च वाढतो. खुणेच्या द्रव्यासाठी वेगळी परवानगी लागते. सार्वजनिक रुग्णालयातल्या संशोधकाला आधीच निधीची चणचण असते, त्यात ही भर कशाला, असे तो विचारील. त्याचे उत्तर असे की सगळ्यांवर खूण लावायची गरज नाही. पहिल्या दहा-बारा रुग्णांत सुईचा नेम आणि पेशींचा मुक्काम कळला तरी पुढच्या शंभरांचा जीव आणि पैसा कारणी लागेल. साधनेही अगदीच परकी नाहीत. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, आणि टेक्नेशियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये देशात नियमित पुरवली जातात. टेक्नेशियमचा अर्धायुकाल सहा तासांचा, त्यामुळे त्याने पहिल्या दिवसापलीकडचे दिसणार नाही. पण शिरेतून दिलेल्या पेशी फुप्फुसात अडकल्या की मेंदूत गेल्या, हे कळायला पहिला दिवसच पुरतो.

दुसरी अट सोपी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. स्कॅनचे चित्र जाहिरातीत किंवा समुपदेशनाच्या टेबलावर पुरावा म्हणून वापरायचे असेल, तर त्याखाली ते नेमके काय मोजते हे मराठीत, हिंदीत, रुग्णाला कळेल त्या भाषेत लिहिलेले असावे. ‘या चित्रात मूलपेशी दिसत नाहीत’ इतके एक वाक्य पुष्कळ झाले.

तोवर नातेवाइकांच्या हातात एक गोष्ट आहे. देशात औषधांच्या आणि पेशींच्या चाचण्यांची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया या सरकारी नोंदवहीत २००९ पासून बंधनकारक आहे. ती इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. केंद्राकडून चाचणीचा नोंदणी क्रमांक घ्यावा आणि तिथे टाकून पाहावा. चाचणी कोण करते, कोणत्या नैतिकता समितीने तिला मान्यता दिली, किती रुग्ण घ्यायचे आहेत आणि ती सुरू आहे की थांबली, हे सारे त्यात लिहिलेले असते. मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. क्रमांक नाही आणि बिल मात्र आहे, अशी परिस्थिती असेल तर तिथे चाचणी चाललेली नाही.